काळ्या रानातली हळद



देवणीचे नाव घेतले की परगावच्या माणसाच्या डोळ्यांसमोर आपली जनावरे येतात. वानेरा, बालंक्या, शेवरा; कान लोंबते, कपाळ भरदार. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत देवणीची जोडी उभी राहिली की भोवती माणसांचे कोंडाळे होते. त्याच यात्रेत हवेत उधळला जातो भंडारा, म्हणजे हळद. पण मौज पाहा. आपण बैल नावारूपाला आणला आणि हळद मात्र परसातच ठेवली. न्हाणीच्या सांडपाण्यावर चार गड्डे लावायचे, संक्रांतीनंतर उकरून काढायचे, घरच्या सणावाराला आणि लग्नाच्या हळदीला पुरले म्हणजे झाले.

आता गोष्ट बदलली आहे. नांदेड आणि हिंगोलीकडे हळदीची मोठी रानेच्या राने उभी राहिली. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी वर्ध्याकडच्या वायगावच्या हळदीला २०१६ साली आणि सांगलीच्या हळदीला २०१८ साली ते मिळाले होते. पाहुण्याकडे जाऊन आलेला आपला माणूस म्हणतो, "तिकडं हळदीत पैसा झाला म्हणं. आपण बी लावावी का?"

लावावी. पण हे पीक समजून घेऊन लावावे. मी स्वतः न समजता लावले होते, त्याची हकिगत पुढे येईलच.

आधी हळदीची जात ओळखू. आले, वेलदोडा, आंबेहळद, कचोरा आणि दारातला सोनटक्का ही सारी एकाच कुळातली भावंडे. आपण जमिनीतून काढतो ते हळकुंड मूळ नव्हे, ते खोड आहे. गुरुजींनी वर्गात एक ओले हळकुंड न्यावे आणि मुलांना दाखवावे. त्यावर कांड्या आहेत, कांड्यांवर वाळलेल्या पानांचे पापुद्रे आहेत आणि कडेला डोळे आहेत. मुळाला डोळे नसतात. हे खोड जमिनीखाली आडवे वाढते, एवढेच. झाडाला सुरेख फुलाचा दांडा येतो, पण बी धरत नाही. म्हणून हळद लावायची ती गड्ड्यापासूनच. यात एक सोय आहे आणि एक धोका आहे. सोय अशी की जशी आई तशी लेक, वाणात फरक पडत नाही. धोका असा की आईच्या अंगी रोग असेल तर तोही लेकीबरोबर सासरी येतो. सारी हळदीची शेती बेण्यावर उभी आहे ती या कारणाने.

आता माझी हकिगत. काही वर्षांपूर्वी भाव तेजीत होता. एका व्यापाऱ्याकडून बेणे घेतले. ट्रकभर माल, वरचा थर टपोरा आणि चकचकीत, खालचा कसा होता ते मी पाहिले नाही. चौदा गुंठे रान तयार केले. उसाला पाडतो तशा सऱ्या पाडल्या आणि सरीच्या पोटात गड्डे दाबले. आमचे तात्या बांधावर बसून पाहत होते. ते म्हणाले, "बाबा, ऊस चिखलात उभा राहतोय, हळद राहत नसती. ती पाहुणी हाय. तिला गादीवर बसव." मी हसण्यावारी नेले. हस्ताचा पाऊस लागला आणि रानात दोन दिवस पाणी साचून राहिले. आठ दिवसांत पानांच्या कडा पिवळ्या पडल्या. झाड धरून हलके ओढले तर बुडातून उपसून हातात आले, आणि खालचा गड्डा मऊ, घाण वास मारणारा. ही कंदकूज. चौदा गुंठ्यांतले जेमतेम चार गुंठे हाती लागले, आणि बेण्याचे पैसे अंगावर पडले ते वेगळेच.

तात्यांची गादी म्हणजे गादीवाफा. आपली जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी. कापूस-तुरीला हा गुण आहे, हळदीला तोच दोष ठरतो. हळदीला ओल हवी, पण पाण्यात उभे राहणे तिला सोसत नाही. म्हणून चार ते पाच फुटांवर सऱ्या काढाव्यात आणि मधला माथा दोन-अडीच फूट रुंद, नऊ इंच ते एक फूट उंच असा सपाट करावा. त्यावर दोन ओळी, ओळीत एक फूट अंतर, गड्ड्यातही जवळपास तेवढेच, पण समोरासमोर न लावता तिरपे. गड्डा दोन ते तीन इंच खोल, डोळा वर. वर ठिबकची नळी टाकता आली तर उत्तम. आणि सर्वात आधी रानाच्या उताराकडे एक चर काढून पाणी कुठे जाईल ते ठरवावे. वाफे बांधून झाल्यावर चराची आठवण होऊ नये. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात झालेली अतिवृष्टी ज्यांनी पाहिली, त्यांना हे वेगळे सांगायला नको. चोपण आणि चुनखडीची जमीन असेल तर मात्र हळदीचा नाद सोडावा. चुनखडीत पाने पिवळी पडतात आणि पीक पोसत नाही.

बेणे निवडताना जेठा गड्डा घ्यावा, म्हणजे मुख्य झाडाखालचा. वजन पन्नास ग्रॅमच्या वर, डोळे फुगलेले, मुळ्या काढून साफ केलेले. हातात घेऊन दाबून पाहावे. मऊ लागला तर बाजूला. शंका आली तर एखादा कापून पाहावा. शेतकरी माणूस दुसऱ्याचा गड्डा कापायला संकोचतो, पण एका गड्ड्याचा संकोच एकराला भोवतो. एकरी साधारण दहा क्विंटल बेणे लागते. म्हणूनच माझे सांगणे असे की पहिल्या वर्षी दहा गुंठेच लावा. अडीच क्विंटल बेण्यात भागते, आणि पुढच्या वर्षीचे बेणे घरचे होते. वाणांत सेलम आपल्याकडे बहुतेक जण लावतात. सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रातून फुले स्वरूपा आणि कृष्णा हे वाण निघाले आहेत. सेलमला साडेआठ-नऊ महिने लागतात. पाणी कमी असेल तर प्रगतीसारखा लवकर येणारा वाण विचारून पाहावा.

लावण अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंत. लावण्यापूर्वी बेणे बुरशीनाशक आणि कीटकनाशकाच्या द्रावणात पंधरा-वीस मिनिटे बुडवून सावलीत सुकवावे. औषध कोणते आणि किती, हे त्या-त्या वर्षीची शिफारस पाहून परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारावे. दुकानदाराच्या तोंडच्या डोसावर जाऊ नये. शेणखत चांगले कुजलेले, हेक्टरी पंचवीस टनांच्या वर पडले तर हळद हसते. अर्धवट कुजलेले टाकाल तर हुमणीला आवतण दिल्यासारखे होईल. त्या खतात ट्रायकोडर्मा मिसळून टाकला तर कंदकुजीला आळा बसतो. रासायनिक खतांपैकी स्फुरद आणि पालाश लावणीलाच, आणि नत्र दोन वेळा विभागून: निम्मे दीड महिन्याने, निम्मे भरणीच्या वेळी.

भरणी हे हळदीचे खरे बाळंतपण. अडीच-तीन महिन्यांनी कुदळीने सरीतली माती उकरून झाडाच्या बुडाला लावायची. नवे फुटवे मातीआड गेले तर पोसतात, उघडे राहिले तर हिरवे पडतात. दुसरे असे की कंदमाशी उघड्या गड्ड्याशेजारी अंडी घालते. डासासारखी, पण जरा मोठी, काळसर माशी असते ती. तिच्या अळ्या गड्डा पोखरतात आणि त्या वाटेने कूज आत शिरते. म्हणून माती हेच पहिले औषध. शिवाय एक सोपा उपाय करता येतो: पसरट तोंडाच्या मडक्यात दोनशे ग्रॅम भरडलेली एरंडी आणि एक ते दीड लिटर पाणी घालून ठेवावे. वास सुटला की माश्या तिकडे येऊन मरतात. एकराला अशी दोन-तीन मडकी पुरतात. पानावर तांबूस-तपकिरी ठिपके दिसले तर तो करपा. ती पाने काढून जाळावीत. आंतरपीक म्हणून कोथिंबीर, मेथी, घेवडा चालेल, मका नको. मका उंच वाढतो, खातोही फार, आणि हळदीच्या तोंडचा घास काढतो.

आता पाण्याची गोष्ट, आणि इथे देवणी-उदगीरकडच्या माणसाने स्वतःशी खरे बोलावे. हळद जूनपासून जानेवारीपर्यंत रानात असते. पाऊस संपल्यावर गड्डे पोसण्याचे दिवस येतात आणि नेमकी तेव्हाच आपली विहीर खाली जाते. २०१६ च्या एप्रिलात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. संक्रांतीपर्यंत विहिरीला पाणी टिकते की नाही, हे मागच्या तीन-चार वर्षांचे आठवून पाहा. टिकत नसेल तर दहा गुंठ्यांची पाच करा. पीक तयार होत आले की काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडायचेच असते. तेव्हा पाने पिवळी पडून वाळतात, ती जमिनीलगत कापावीत. हिरवी पाने आधीच कापून टाकण्याची घाई मात्र करू नये. झाडातला कस त्या शेवटच्या दिवसांतच खाली उतरतो.

काढणीनंतर जेठे गड्डे आणि हळकुंडे वेगळी करावीत आणि शिजवतानाही वेगळी शिजवावीत, कारण गड्डा उशिरा शिजतो. जुन्या पद्धतीने काहिलीत शिजवायला पाऊण ते एक तास लागतो, खाली हळदीचाच वाळला पाला जाळता येतो. आता वाफेचे कुकर घेऊन टोळ्या गावोगाव फिरतात, त्यात काम काही मिनिटांत होते. शिजल्याची खूण: काडी टोचली की सहज आरपार जावी. कच्ची राहिली तर रंग सारखा येत नाही, फार शिजली तर रंग जातो. ताडपत्रीवर किंवा फरशीवर दहा-पंधरा दिवस वाळवावी, रात्री गोळा करून झाकावी. चांगली वाळलेली हळकुंडे हातात खुळखुळवली की खणखणीत आवाज येतो आणि मोडताना टचकन तुटते. मग ड्रममध्ये पॉलिश. पाच किलो ओल्या हळदीची साधारण एक किलो वाळली हळद होते. हिशोब करताना ओल्या ढिगाकडे पाहून कोणी खूश होऊ नये.

भावाचा भरवसा देणे मला जमणार नाही. २०१०-११ साली हळदीचे भाव आभाळाला टेकले, लोकांनी रानेच्या राने हळदीखाली घातली आणि पुढे भाव आपटले. आपल्या शेजारच्या निजामाबादेत २०१९ च्या लोकसभा निवडणुकीला एका मतदारसंघात १८५ उमेदवार उभे राहिले. त्यांतले बहुतेक शेतकरी होते. हळदीला भाव आणि हळदीसाठी वेगळे मंडळ हवे, ही त्यांची मागणी. राष्ट्रीय हळद मंडळ २०२५ च्या जानेवारीत निजामाबादेतच सुरू झाले. साठवून विकायचे म्हटले तर कोरडी जागा हवी. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखाली पेवे असत आणि त्यांत हळद वर्षानुवर्षे टिके, पण २००५ च्या कृष्णेच्या महापुरात त्यांतली पुष्कळशी निकामी झाली.

गुरुजींसाठी दोन गोष्टी राहिल्या. पहिली, हळदीचे पाणी कागदावर सुकवून त्यावर साबणाचा किंवा चुन्याच्या निवळीचा थेंब टाकावा. कागद लाल होतो. घरी कुंकू करायची रीत याच गुणावर चालत आली. चिंचेचा किंवा लिंबाचा रस लावला की पुन्हा पिवळा. अल्कली-आम्ल ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. मुलांना हेही सांगावे की बाजारी भुकटीत मेटॅनिल यलोसारखे रंग किंवा शिशाचे क्रोमेट मिसळल्याची प्रकरणे उघडकीला आली आहेत, तेव्हा शक्य तिथे हळकुंडे आणून घरी दळावीत. दुसरी, १९९५ साली अमेरिकेत हळदीने जखम बरी करण्याचे पेटंट एका विद्यापीठाला दिले गेले होते. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना, संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने दाखले पुढे ठेवले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. आजीने बोटाला लावलेली चिमूट तिथे पुरावा म्हणून उभी राहिली, असे म्हटले तरी चालेल.

शेवटी घरचे बेणे. काढणीनंतर निवडक जेठे गड्डे सावलीत, लिंबाखाली किंवा छपरात, शंकूसारखा ढीग करून ठेवावेत. खाली आणि वर हळदीचाच पाला घालावा. ढिगावर पाणी मारू नये, आणि मधूनमधून उकलून सडलेला गड्डा काढून टाकावा. आमच्या तात्यांचा ढीग गोठ्याच्या मागे असतो. मे महिन्यात त्यातून डोळे फुटलेले गड्डे ते एकेक हातात घेऊन पाहतात, आणि यंदा त्यांनी मला अडीच क्विंटल मोजून दिले आहेत. पैसे घेतले नाहीत. गादी नीट केली का, एवढे पाहायला मात्र दोनदा येऊन गेले.