अठरा होलचा हट्ट कशाला?

व्यापाऱ्याने गोल्फ खेळावा की नाही, या वादात आम्हांला पडायचे नाही. पण सांगली, विटा, कराड, सातारा या भागांतील आमच्या पेशाच्या मंडळींचा मुंबई-पुण्याच्या मोठ्या खरेदीदारांशी संबंध येतो आणि त्यांपैकी काहींना हा शौक असतो. बोलावणे आले की नाही म्हणता येत नाही. तेव्हा या खेळाचा हिशेब समजून घेतलेला बरा.

पूर्ण मैदानाला अठरा होल असतात. एकूण अंतर सहा ते सात हजार यार्ड. चेंडूमागे फिरताना चालणे सात-आठ किलोमीटरांवर जाते आणि चार-साडेचार तास मोडतात. नऊ होलच्या मैदानात हे सारे निम्म्यावर येते. तिसरा प्रकार ‘पार थ्री’चा. तेथे प्रत्येक होल साधारण शंभर-दोनशे यार्डांवर असतो; चांगल्या खेळाडूने एका फटक्यात चेंडू हिरवळीवर न्यावा आणि पुढच्या दोनांत आत घालावा, असा हिशेब. नियमाप्रमाणे पिशवीत चौदा काठ्या ठेवता येतात. येथे पाच-सहांत भागते, आणि त्या जुन्या घेतल्या तरी बिघडत नाही. सदऱ्यापुरते कापड हवे असताना सबंध ताका कोणी घेत नाही.

आमचाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका खरेदीदाराकडे आमची ग्रे कापडाची मोठी रक्कम अडकली होती. वसुलीला गेलो, तर त्यांनी अठरा होलच्या मैदानावर नेले. पाहुण्याची फी, भाड्याच्या काठ्या, कॅडीची मजुरी, हरवलेले सात चेंडू, सर्व आमच्या खिशातून! बाराव्या होलनंतर पाय उचलेनात आणि रकमेची गोष्ट राहूनच गेली. पुढे एका सभासद स्नेह्याच्या ओळखीने त्याच गृहस्थांना आम्ही महाबळेश्वरी बोलावले. नऊ होल, दोन तास. अंगात दम शिल्लक होता, म्हणून चहावर हप्ते ठरवूनच उठलो. रक्कम पुरी आली नाही, पण बरीचशी आली.

महाबळेश्वरचा क्लब १८८१ सालचा. त्याचे गोल्फचे मैदान नऊ होलचे, म्हणून काही खेळाडू नाक मुरडतात. त्यांना इतिहास ठाऊक नसावा. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे १७६४ पर्यंत बावीस होलांची फेरी होती. ती कमी करून अठरा झाली. १८६० साली पहिली ‘ओपन’ स्पर्धा प्रेस्टविक येथे झाली, ते मैदान तर बारा होलचे! आणि २०२० पासून जी जागतिक हँडिकॅप पद्धत आली, तीत नऊ होलचे गुणही धरले जातात.

आता धंद्याची बाजू. अठरा होलला साधारण शंभर ते दीडशे एकर जमीन लागते. नऊ होलच्या ‘पार थ्री’ला दहा-वीस एकर पुरते. जमिनीपेक्षा मोठा प्रश्न पाण्याचा. मोठ्या मैदानाची हिरवळ उन्हाळ्यात रोज काही लाख लिटर पाणी पिते. जत, आटपाडी, माण, खटावच्या लोकांनी टँकरमागे धावण्यात उन्हाळे काढले. तेथे अशी हिरवळ लावणे आम्हांला तरी शोभत नाही. मात्र कोरड्या मुलखात यावर जुना इलाज आहे. होलभोवती गवताऐवजी तेल मिसळलेली वाळू दाबून बसवतात. तिला ‘ब्राउन’ म्हणतात. चेंडू नीट घरंगळतो, पाणी लागत नाही. ज्यांच्याकडे माळरान पडून आहे आणि रस्ता जवळ आहे, त्यांनी हॉटेलच्या जोडीने हा विचार करून पाहावा. नुसत्या गोल्फवर मात्र भांडवल घालू नये. आपल्याकडे खेळणारे अजून थोडे आहेत.

गावच्या पोरांना कॅडीचे काम मिळेल, हा फायदा लहान नाही. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हा दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणूनच वाढला. १९९३ मध्ये त्याने ती पुन्हा जिंकली.

महाबळेश्वरी जायचे तर दिवाळीनंतर मे अखेरपर्यंत जावे. पावसाळ्यात तेथे पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाणी कोसळते. पाहुण्याला प्रवेश आहे का आणि दर काय, हे आधी सभासदाकडून विचारून घ्यावे. कॅडीची मजुरी मात्र हातोहात द्यावी, ती हप्त्याने देऊ नये.