जुन्या गाडीची वायरिंग आणि घरची चार माणसे



या पानावर आपण नेहमी लागण, खोडवा, खताचे हप्ते यांविषयी बोलतो. आज विषय जरा आडवाटेचा आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या शेडमध्ये एखादी जुनी जीप, फियाट, नाहीतर वडिलांच्या वेळचा ट्रॅक्टर उभा असतो. इंजिनाचे काम निघाले तर आपण घाबरत नाही. पण वायरिंगचा फॉल्ट म्हटला की हातपाय गळतात. वीज डोळ्यांना दिसत नाही ना!

आमच्या घरी १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे, माझ्याहून वयाने मोठी. ही गाडी बनविणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी काढली. इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर उद्योग उभारला तेच हे वालचंदशेठ. तेव्हा या गाडीचे आणि उसाचे नाते जुनेच. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्याचा निरोप घेतला, पण खेडोपाडी अजून काही गाड्या आहेत. आमच्या अण्णांचा तिच्यावर फार जीव.

गेल्या हंगामात रात्री गट ऑफिसवरून घरी परतत होतो. ऊसवाहनांच्या मागे हळूहळू चाललो होतो आणि हेडलाईट काजव्यासारखे मिणमिणत होते. वळणावर अचानक समोर उसाची ट्रॉली आली. तिला मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ब्रेक लागला म्हणून वाचलो. दोन हातांचे अंतर राहिले असेल. त्या रात्री नीट झोप लागली नाही. चूक ट्रॉलीवाल्याची होती तशी माझीही होती. लाईट मंद आहेत हे मला महिनाभर ठाऊक होते. बॅटरी नवी टाकली होती, तीही उतरत होती. म्हणजे रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे!

पुढच्या रविवारी सगळे घर अंगणात बसविले. जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

वीज कशी फिरते?

पाटाचे पाणी विहिरीतून निघते आणि रानात जिरते. विजेचे तसे नाही. ती बॅटरीतून निघाली की काम करून बॅटरीत परत आलीच पाहिजे. जाताना ती वायरीतून जाते आणि येताना गाडीच्या लोखंडी अंगातून येते. या परतीच्या वाटेला अर्थ म्हणतात. आपण जाण्याची वाट तपासतो, परतीची विसरतो. जुन्या गाडीत गंज चढतो तो बहुधा इथेच.

१. आधी बॅटरी

हातातले कडे, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. जवळपास विडी-काडी नको, कारण बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. बॅटरीचे जे टोक बॉडीला जोडलेले असते ते आधी सोडा आणि जोडताना शेवटी जोडा. टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुवा. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. मग घट्ट आवळून व्हॅसलीन लावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास आले तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि १२ च्या खाली आले तर उतरलेली समजा.

२. मग चार्जिंग

इंजिन जरा रेस करून बॅटरीच्या टोकांवर मीटर लावा. १३.८ ते १४.४ यायला हवेत. कमी आले तर पट्टा, डायनॅमोचे कार्बन आणि कट-आऊट पाहावेत. १५ च्या वर गेले तर कट-आऊट बिघडला, तो बॅटरीचे पाणी आटवील. डायनॅमो मंद इंजिनावर फारसे चार्जिंग देत नाही, हा त्याचा स्वभाव आहे, दोष नव्हे.

मी आकडे सांगत होतो आणि मुलगी वहीत लिहीत होती. लाईट लावून डायनॅमोच्या टोकावर १४.१ आणि बॅटरीवर १३.० आले. तीच म्हणाली, "बाबा, वरचं एक व्होल्ट कुठं गेलं?" प्रश्न बरोबर होता. पाईपलाईन कुठेतरी गळत होती. पण कुठे?

३. अर्थची परीक्षा

याचे उत्तर सौ.नी दिले. ती स्टिअरिंगवर बसून माझ्या सांगण्यावरून सेल्फ मारीत होती. तिसऱ्या वेळी म्हणाली, "अहो, ही चोकची मूठ गरम का लागतीया?"

तिथेच उलगडा झाला. सेल्फ शंभर अँपिअरच्या वर करंट ओढतो. इंजिनापासून बॉडीला येणारी तांब्याची विणलेली पट्टी सैल किंवा गंजलेली असली की तो करंट सापडेल त्या वाटेने परत येतो. त्याला चोकची तार सापडली होती. मीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खुंटावर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरून पुन्हा सेल्फ मारायला लावला. अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवे होते. आमचे चार व्होल्टच्या वर गेले! पट्टी सोडली, दोन्ही टोकांची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, नवा नटबोल्ट घातला. मीटर ०.२ वर आला आणि बॅटरीवर १३.९ दिसू लागले. खर्च म्हणावा तर एका नटबोल्टचा. नवी बॅटरी उगाच घेतली होती.

मागच्या दिव्यांची अर्थ खराब असेल तर ओळख सोपी आहे. इंडिकेटर लावून ब्रेक दाबला की मागचे सगळे दिवे मिळून लुकलुकतात.

४. उभ्या गाडीत बॅटरी उतरत असेल तर

सगळे बंद करून अर्थची वायर सोडा. ती वायर आणि बॅटरीचा खुंट यांच्यामध्ये १२ व्होल्टचा छोटा बल्ब जोडा. बल्ब लागला तर कुठेतरी करंट वाहतो आहे. एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला बल्ब विझेल त्या लाईनीत चोर आहे. बल्ब जोडलेला असताना सेल्फ मात्र मारू नका.

५. फ्यूजशी खेळ नको

फ्यूज उडाला म्हणून तिथे तार किंवा चांदीचा कागद घालू नका. मग फ्यूजऐवजी वायर जळते आणि गाडी पेटू शकते. फ्यूज कशाने उडाला ते आधी शोधा.

घरच्यांची मदत कशी घ्यावी?

हे काम एकट्याचे नाही. एकाने आत बसावे, एकाने मीटर धरावा, एकाने मागे उभे राहून दिवे बघावे आणि एकाने आकडे लिहावेत. हुकूम एकानेच द्यावा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना दगड लावलेले असावेत. पदर, ओढणी आणि लहान मुले पंख्यापासून दूर ठेवावीत. मुख्य म्हणजे कुणी काही म्हणाले तर "तुला काय कळतंय" म्हणू नये. आमच्याकडे मी तसे म्हटले असते तर फॉल्ट आजही तसाच असता. अण्णा बाजेवर बसून सगळे बघत होते. शेवटी एवढेच म्हणाले, "मी कधी पट्टी उघडूनच बघितली नव्हती रे."

आता ट्रॉलीचे

हीच परीक्षा ट्रॉलीलाही लागू आहे. तिच्या दिव्याची अर्थ पुष्कळदा हूकच्या पिनेवर अवलंबून असते, आणि तिथे ग्रीस, गंज, धूळ. म्हणून सॉकेटमधून अर्थची वेगळी वायर ओढा. मागे लाल रिफ्लेक्टर लावा. वाड्याचे शेंडे लोंबून दिवा झाकत नाहीत ना ते बघा. मोळ्या भरून झाल्या की घरच्या किंवा टोळीच्या एका माणसाने मागे उभे राहून दिवा लागल्याची खात्री करावी, मगच ट्रॉली रस्त्याला लावावी.

त्या रात्री माझ्या आणि त्या ट्रॉलीच्या मध्ये दोन हातांचे अंतर राहिले. प्रत्येकाच्या वाट्याला तेवढे येईलच असे नाही. दिवा तपासायला दोन मिनिटे लागतात. तेवढी काढा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी