घरातला जुना ‘टेप’ पुन्हा सुरू करताय? आधी हे वाचा, नाहीतर जपलेला आवाज पुसला जाईल

यवतमाळ जिल्ह्यात पुसदपासून वणीपर्यंत अनेक घरांत माळ्यावर किंवा कपाटावर एक जुना ‘टेप’ असतोच. रेडिओ, सीडी आणि कॅसेट असं तिन्ही वाजवणारा. शेजारच्या डब्यात कॅसेट असतात. काही भजनांच्या, काही भीमगीतांच्या आणि एखादी घरीच भरलेली, म्हणजे आजोबांच्या आवाजातली किंवा लग्नातल्या मंगलाष्टकांची.

बाजारातली कॅसेट गेली तर तीच गाणी दुसरीकडे मिळू शकतात. घरी भरलेल्या कॅसेटची मात्र दुसरी प्रत नसते. त्यामुळे हे यंत्र चालवायचं कसं, हे नीट समजून घेणं गरजेचं आहे.

वीज लावण्याआधी काय बघायचं?

सेलचा कप्पा उघडा. वर्षानुवर्षं आत राहिलेले सेल फुटतात आणि त्यातलं रसायन पत्र्याच्या पट्ट्यांवर साचतं. असे सेल उघड्या हातांनी काढू नका. पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसा.

सेट परदेशातून आणलेला असेल तर मागे ११० आणि २२० असा व्होल्टेजचा खटका असू शकतो. तो २२० किंवा २३० वर हवा. ११० वर ठेवून आपल्या घरच्या विजेवर लावला, तर सेट जळू शकतो.

रेडिओ कसा लावायचा?

सगळ्यात आधी ‘फंक्शन’चा खटका बघा. त्यावर टेप, रेडिओ आणि सीडी असे पर्याय असतात. अनेकदा सेट बिघडलेला नसतो, फक्त हा खटका चुकीच्या जागी असतो. खटका रेडिओवर आणा आणि मग एफएम किंवा एएम निवडा.

यवतमाळ आकाशवाणी एफएमवर लागते. त्यासाठी मागचा दांडीचा अँटेना पूर्ण ओढा आणि खिडकीकडे वळवा. नागपूर आकाशवाणीचं ‘अ’ केंद्र एएमवर ५८५ किलोहर्ट्झला आहे. एएमला दांडीचा उपयोग होत नाही. त्याचा अँटेना सेटच्या आत, फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेला असतो. म्हणून आवाज नीट येत नसेल तर दांडी नाही, अख्खा सेटच फिरवून बघा.

एएमवर खरखर येत असेल तर मोबाइलचे चार्जर आणि एलईडी दिवे बंद करून बघा. वीज गेली की सेलवरचा एएम रेडिओ कधी कधी एकदम स्वच्छ ऐकू येतो, त्याचं कारण हेच.

सीडी का वाजत नाही?

सीडीची छापील बाजू वर ठेवायची. पुसायची झाली तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही. गोल ओरखडा माहितीच्या ओळीच्याच दिशेने जातो आणि तो भरून काढणं यंत्राला अवघड जातं. शंभर-दीडशे गाणी असलेली एमपीथ्री सीडी जुन्या सेटवर बहुतेक वेळा वाजत नाही. तो सीडीचा दोष नाही. जुन्या सेटला ती भाषाच कळत नाही.

आता खरा धोका : कॅसेट

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेल्या या कॅसेटमधली फीत चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद असते आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने सरकते. ६० मिनिटांच्या कॅसेटच्या फितीपेक्षा ९० मिनिटांच्या कॅसेटची फीत पातळ असते, त्यामुळे ती लवकर गुंतते.

कॅसेट लावण्याआधी तीन गोष्टी करा.

पहिली : पुसण्यापासून वाचवा. लाल खुणेचं ‘रेकॉर्ड’ बटण दाबलं की नवा आवाज भरण्याआधी जुना पुसला जातो, आणि तो परत येत नाही. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टोकांना प्लास्टिकचे दोन छोटे तुकडे असतात. फितीची उघडी बाजू खाली धरली, की समोर असलेल्या बाजूचा तुकडा डावीकडे येतो. दोन्ही तुकडे मोडून टाका. मग रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. पुढे कधी भरायचंच असेल तर त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की झालं.

दुसरी : हेड साफ करा. झाकण उघडून ‘प्ले’ दाबलं की चकचकीत हेड आणि काळा रबरी रोलर पुढे येतो. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेड हलकेच पुसा. रोलर ओल्या कापडाने पुसून वाळू द्या. मळलेला रोलर फीत ओढून आत गुंडाळतो.

तिसरी : आधी बिनमहत्त्वाची कॅसेट वाजवून बघा. आवाज जाड आणि संथ येत असेल तर सेल उतरलेत किंवा आतला रबरी पट्टा सैल झालाय. पट्टा मेकॅनिककडून बदलून घेता येतो.

फीत अडकलीच तर लगेच ‘स्टॉप’ दाबा आणि प्लग काढा. कॅसेट हिसका देऊन ओढू नका. फीत बोटाने हळूच सोडवा आणि पेन्सिल घालून चाक फिरवत आत घ्या.

आवाज मोबाइलमध्ये कसा घ्यायचा?

सेटच्या हेडफोनच्या छिद्रातून वायर काढून संगणकाच्या ‘लाइन इन’ला जोडा आणि ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करा. सेटचा आवाज आधी कमी ठेवून हळूहळू वाढवा, नाहीतर रेकॉर्डिंग फाटतं. एका बाजूला ४५ मिनिटं असतील तर ४५ मिनिटंच लागतील, इथे घाई चालत नाही. तयार फाइल मोबाइलवर घ्या आणि किमान दोन ठिकाणी ठेवा.

त्यानंतरही कॅसेट टाकून देऊ नका. ती परत डब्यात ठेवा, पण टिनाच्या छपराखाली नको. यवतमाळच्या मे महिन्यात तिथे प्लास्टिकही वाकतं. स्पीकरच्या लोहचुंबकाजवळही नको. आणि डब्यावर कोणाचा आवाज आहे, ते लिहून ठेवा. तो आवाज ओळखणारी माणसं घरात आहेत तोवरच हे काम होऊ शकतं.