विरघळणें म्हणजे काय?

पेलाभर पाण्यांत चिमूटभर मीठ टाकून ढवळलें, कीं तें पाहतां पाहतां दिसेनासें होतें. तथापि तें नष्ट झालेलें नसतें. जिभेस त्याची चव लागते, आणि पाणी आटविल्यास भांड्याच्या तळाशीं तितकेंच मीठ परत मिळतें. मग मधल्या काळांत तें कोणत्या रूपांत असतें?

मिठाच्या खड्यांत सोडियमचे धनभारित व क्लोरिनचे ऋणभारित कण आळीपाळीनें रचलेले असून ते एकमेकांस घट्ट धरून असतात. पाण्याच्या रेणूची प्राणवायूकडील बाजू किंचित् ऋण, तर हायड्रोजनकडील किंचित् धन असते. खडा पाण्यांत पडला, कीं हे रेणू त्यास वेढतात. धन कणाकडे ऋण बाजू व ऋण कणाकडे धन बाजू करून एकेक कण ओढून घेतात आणि त्याच्याभोंवतीं कडें करून त्यास दूर नेतात. हेंच विरघळणें. साखरेचे रेणू मात्र असे विभागले जात नाहींत. ते सबंधच सुटे होतात.

पाण्याच्या या सामर्थ्यासही मर्यादा आहे. १०० ग्रॅम पाण्यांत नेहमींच्या तापमानास सुमारें ३६ ग्रॅम मीठ मावतें. अधिक टाकल्यास तें तळाशीं राहतें. अशा द्रावणास संपृक्त म्हणतात. पाणी तापविल्यास साखर पुष्कळच अधिक विरघळते. मिठाच्या प्रमाणांत मात्र फारसा फरक पडत नाहीं.

द्रावणांतील प्रमाणाचें महत्त्व किती, हें १९७१ सालीं दिसून आलें. पश्चिम बंगालमधील बनगांवच्या निर्वासित छावणींत पटकीची साथ होती व शिरेंतून द्यावयाचें सलाईन संपत आलें होतें. तेव्हां डॉ. दिलीप महालनवीस यांनीं ग्लूकोज, मीठ व खाण्याचा सोडा पाण्यांत विरघळवून रोग्यांस पाजण्याची व्यवस्था केली. मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ३० च्या घरांतून ४ च्याही खालीं उतरलें. याचें कारण असें, कीं ग्लूकोज व सोडियम हीं जोडीनें आंतड्याच्या पेशींत शिरतात आणि पाणी त्यांच्या पाठोपाठ जातें.

परंतु हेंच द्रावण फार दाट झालें, तर शरीरांतील पाणी उलट आंतड्यांत ओढलें जातें व जुलाब वाढतात. म्हणून घरीं मुलास जुलाब झाल्यास क्षारांची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्याच स्वच्छ पाण्यांत, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावी. चवीकरितां वरून साखर घालूं नये, आणि अर्धी पुडी अंदाजानें पेल्यांत टाकूं नये.