पहिला ड्रमसेट : ड्रम मोजू नका, झांजा ऐका

ड्रमसेट घ्यायचं ठरलं की दुकानात आधी ड्रमची संख्या विचारली जाते. तेवढ्याच पैशांत एक टॉम जास्त मिळाला तर सौदा फायद्याचा वाटतो. नवशिक्याचा तोटा होतो तो इथेच. रॉक आणि चित्रपटसंगीतासाठी बहुधा सर्वांत आधी शिकवला जाणारा ठेका पाहा. चार मात्रांत उजव्या हाताने हाय-हॅटवर, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीवर, आठ आघात, पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला पायाने बेस ड्रम, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला डाव्या हाताने स्नेअर. एकूण बारा आघात, आणि त्यांत टॉमवर एकही नाही. टॉम लागतात ते गाण्याची ओळ संपताना मधली जागा भरायला. पुढे वादक मुरल्यावरही फार ड्रम लागतातच असं नाही. बीटल्सचे रिंगो स्टार यांनी १९६३ मध्ये घेतलेल्या लडविग सेटमध्ये बेस ड्रम, स्नेअर आणि दोन टॉम एवढेच ड्रम होते. रोलिंग स्टोन्सचे चार्ली वॉट्स अनेक दशकं चार ड्रमवरच वाजवत राहिले.

मग पैसा घालायचा कुठे? माझं उत्तर आहे, जे नंतर सुधारता येत नाही त्यात. साध्या लाकडाच्या ड्रमला चांगलं हेड, म्हणजे वरचं पान, बसवलं आणि किल्लीने सगळीकडून सारखं ताणलं, तर आवाज ओळखू येणार नाही इतका बदलतो. सिंबलची, म्हणजे झांजांची, गोष्ट वेगळी आहे. त्याचा आवाज धातूत आणि घडणीत ठरून गेलेला असतो, किल्ली फिरवून तो बदलत नाही. स्वस्त सेटबरोबर येणारी सिंबल बहुतेकदा पितळी पत्र्याची असतात आणि त्यांचा नाद बोथट, पातेल्यासारखा निघतो. कांस्याची सिंबल, मग ती ८ टक्के कथिलाची असोत की २० टक्के, महाग पडतात. पण चांगली हाय-हॅटची जोडी आणि एक राइड सिंबल पुढच्या सेटलाही चालते. सिंबलखालोखाल महत्त्व स्टूल आणि पेडलला. दोन्ही पाय कामात गुंतल्यावर शरीराचा तोल बैठकीवरच पेलावा लागतो. स्टूल डगमगतं असेल तर पाठ आखडते आणि पाय उशिरा पडतो. शिकणारा मात्र दोष स्वतःच्या लयीला देतो, याचं फार वाईट वाटतं.

यावर कुणी म्हणेल, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी असला सेट ठेवायचा कुठे आणि वाजवायचा कधी? आक्षेप खरा आहे. निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि ड्रमसेट सहज शंभरच्या घरात जातो. अशा घरात इलेक्ट्रॉनिक सेटच घ्यावा. पण कसोटी तीच ठेवावी. आत किती शे आवाज भरलेत ते बाजूला ठेवा. पॅड जाळीचे आहेत का, स्नेअरवर हलका आणि जोरकस आघात वेगळा उमटतो का, किकला खरं पेडल लागतं का, हे पाहा. हेडफोन लावले तरी पेडलची धडधड फरशीतून खालच्या घरात पोचते, म्हणून खाली जाड रबरी मॅट हवीच. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात रुळलेला ऑक्टोपॅड हा पर्याय अनेकांना जवळचा वाटतो. वाद्य म्हणून तो उत्तमच आहे, पण नुसत्या ऑक्टोपॅडवर पायाचं शिक्षण होत नाही. आणि हात-पाय एकमेकांपासून सुटे करणं हाच तर ड्रमचा सर्वांत अवघड धडा.

दुसरी शंका पालकांची असते : मुलाने वर्षभरात सोडून दिलं तर? त्यासाठी भिकार नवा सेट घेण्यापेक्षा चांगला जुना घ्यावा. तो विकतानाही बरी किंमत येते. घेण्याआधी सिंबलच्या कडेला आणि मधल्या भोकापाशी तडा नाही ना, हे बोट फिरवून पाहा, कारण तडा वाढत जातो. ड्रमचं खोड कडेला सपाट आहे का, बोल्ट सहज फिरतात का, तेही तपासा. शक्य असेल तर शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना बरोबर न्या. एवढाही खर्च आज झेपत नसेल तर प्रॅक्टिस पॅड आणि ५ए मापाच्या काठ्यांची जोडी घेऊन शिकायला लागा. सेट येईपर्यंत हात तयार होतील.