विश्लेषण : थंडीतली दहा किलोमीटरची शर्यत... धावण्यापेक्षा आधीचा आणि नंतरचा अर्धा तास अवघड का?

डिसेंबर उजाडला की नाशिक, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर अशा शहरांत दर रविवारी कुठे ना कुठे पाच किंवा दहा किलोमीटरची शर्यत असते. टी-शर्ट, टायमिंग चिप लावलेला बिब, गळ्यात पडणारे पदक आणि शेवटी गरम पोहे. बँकेतले कर्मचारी, आयटीतली मंडळी, शिक्षक, भिशीच्या ग्रुपवरून एकत्र नाव नोंदवलेल्या महिला असे सगळे त्यात असतात आणि अनेकांची ती पहिलीच शर्यत असते. ‘थंडीत धावायला बरे, दम लागत नाही’ हे वाक्य अशा ठिकाणी सर्रास ऐकू येते. ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण थंडीचा खरा त्रास धावत असताना फारसा होत नाही. तो होतो झेंडा पडण्याची वाट पाहताना, पहिल्या एक-दोन किलोमीटरमध्ये आणि पदक गळ्यात पडल्यानंतर. नेमकी या तिन्ही वेळांची तयारी कोणी करत नाही.

थंडीत धावणे सोपे का वाटते?

धावणारे शरीर हे तसे अकार्यक्षम इंजिन आहे. स्नायूंमध्ये खर्च झालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम २० ते २५ टक्के ऊर्जा हालचालीसाठी वापरली जाते, उरलेल्या सगळ्या ऊर्जेची उष्णता होते. ७० किलो वजनाचा माणूस दहा किलोमीटर धावला की ढोबळमानाने ७०० किलोकॅलरी खर्च करतो. हे अंतर त्याने ७० मिनिटांत कापले तर त्याचे शरीर सलग ५०० वॉटहून अधिक दराने उष्णता तयार करत असते. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता देतो. म्हणजे धावताना आपण अंगातच छोटा रूम हीटर लावून फिरतो.

ही उष्णता बाहेर टाकायची तर रक्त त्वचेकडे न्यावे लागते. उन्हाळ्यात हृदयाला त्वचा आणि पायांचे स्नायू अशा दोन गिऱ्हाइकांना एकाच वेळी रक्त पुरवावे लागते आणि त्याच वेगासाठी नाडी जास्त पळते. थंडीत त्वचेची मागणी कमी होते, पायांना जास्त रक्त मिळते. पॅरिस, लंडन, बर्लिन, बोस्टन, शिकागो आणि न्यूयॉर्क या सहा मॅरेथॉनमधील २००१ ते २०१० या काळातल्या सुमारे १८ लाख धावपटूंच्या वेळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कामगिरीवर सर्वाधिक परिणाम हवेच्या तापमानाचा होतो आणि सर्वांत अनुकूल तापमान धावपटूच्या कुवतीनुसार साधारण ४ ते १० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते, असे त्यात दिसले. एलिउड किपचोगेने १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नात दोन तासांच्या आत मॅरेथॉनचे अंतर कापले, तेव्हा आयोजकांनी धावण्याचा दिवस आणि वेळ हवामान पाहूनच नक्की केली होती.

महाराष्ट्रातली थंडी त्या मानाने किती?

निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात बातमीत असतो, काही वेळा तो पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. पुण्यात पाषाण आणि एनडीए परिसर शहराच्या इतर भागांपेक्षा थंड असतो. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आले आणि ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी कमी असले, तर हवामान विभाग थंडीची लाट म्हणतो. धावण्याच्या दृष्टीने मात्र हे सगळे आकडे उत्तम हवामानाचे आहेत.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी. दिवसाचे किमान तापमान मध्यरात्री नसते, ते सूर्योदयाच्या आसपास असते. जानेवारीत पुण्या-नाशिकात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे पहाटे साडेपाचला घरातून निघताना जी थंडी वाजली, त्यापेक्षा साडेसहाला मैदानावर थोडी जास्तच वाजणार आहे.

झेंडा पडण्यापूर्वी काय बिघडते?

आपल्याकडच्या शर्यतींचे एक ठरलेले दृश्य असते. मंचावर डीजे, झुंबा प्रशिक्षकाबरोबर पंधरा मिनिटे उड्या, मग प्रायोजकांचे आभार, मग मान्यवरांचे दोन शब्द, जे कधीच दोन नसतात. झुंबाने तापलेले स्नायू या काळात पुन्हा गार पडतात. सात-आठ अंशांत नुसते उभे राहिले की पंधरा-वीस मिनिटांत वॉर्म-अपचा बराचसा फायदा संपतो. गार स्नायू हळू आकुंचन पावतो, त्याची ताकद कमी भरते आणि अशा स्नायूवर एकदम जोर दिला की पोटरी किंवा मांडीच्या मागचा भाग धरतो.

त्यामुळे झुंबा करा, पण खरा वॉर्म-अप झेंड्याच्या दहा मिनिटे आधी करा. जागच्या जागी हलके धावणे, गुडघे वर उचलणे, पाय मागे-पुढे झुलवणे एवढे पुरते. गार अंगाने पाय ताणून अर्धा मिनिट धरून ठेवण्याचे व्यायाम या वेळी नकोत, ते नंतरसाठी ठेवा.

कपड्यांबाबत धावपटूंमध्ये जुना संकेत आहे : हवा आहे त्यापेक्षा दहा अंश गरम आहे असे समजून कपडे घाला. दहा अंश असतील तर वीस अंशांचे कपडे, म्हणजे घाम लवकर वाळवणारा एक टी-शर्ट आणि शॉर्ट्स किंवा टाइट्स. सुरुवातीला थोडे कुडकुडायला झाले तर बेत बरोबर आहे. वाट पाहण्याच्या काळासाठी वर एखादा जुना स्वेटर घाला आणि तो शेवटच्या क्षणी सोबत आलेल्याकडे द्या. हातमोजे नसतील तर जुने पायमोजे हातात घालून चालतात; बोटे बधिर झाली की बिबच्या पिनाही लागत नाहीत. कानटोपीला हसू नये, फक्त दुसऱ्या किलोमीटरनंतर ती खिशात जाईल. सायकलपटू घाटाच्या उतारावर छातीशी वर्तमानपत्र खोचतात, तोही उपाय उत्तम आहे. त्यासाठी ई-पेपर मात्र चालत नाही.

पहिला किलोमीटर फसवतो कसा?

सराव सात-साडेसात मिनिटांत एक किलोमीटरचा आणि शर्यतीत पहिलाच किलोमीटर सहा मिनिटांत, हे थंडीत हमखास होते. उकाड्यात शरीर लगेच तक्रार करते, थंडीत ती उशिरा येते. गर्दी, संगीत आणि गार हवा यांमुळे वेग जाणवत नाही; पाचव्या-सहाव्या किलोमीटरला पाय जड होतात तेव्हा जाणवतो.

इथे मनगटावरच्या घड्याळावर फार विसंबू नये. स्मार्टवॉचमधला सेन्सर त्वचेखालच्या रक्तप्रवाहावर प्रकाश टाकून नाडी मोजतो. थंडीत त्वचेकडचा रक्तप्रवाहच कमी होतो, सिग्नल क्षीण होतो आणि काही वेळा घड्याळ नाडीऐवजी पावलांची लय मोजू लागते. पहिल्याच मिनिटाला १७० दाखवत असेल तर तो बहुधा पावलांचा आकडा असतो. उलट, आकडा कमी दिसला म्हणून वेग वाढवणे अधिक वाईट. पहिले दोन किलोमीटर शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगाने धावणे, ही कसोटी घड्याळापेक्षा विश्वासाची आहे.

घसा आणि छाती का जळजळते?

‘गार हवेने फुफ्फुसे गारठतात’ हा गैरसमज आहे. आत जाणारी हवा फुफ्फुसांत खोलवर पोहोचेपर्यंत शरीराच्या तापमानाला आलेली असते. त्रास कोरडेपणाचा असतो. १० अंशांची हवा एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त साडेनऊ ग्रॅमच्या आसपास बाष्प धरू शकते, शरीराच्या ३७ अंशांना तीच क्षमता ४४ ग्रॅम होते. मधला फरक श्वासमार्गाच्या ओलाव्यातून भरून काढला जातो. एरवी मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेणारे आपण धावताना साठ लिटर किंवा त्याहून अधिक घेतो, तीही तोंडाने. श्वासमार्ग कोरडा पडतो, काहींच्या बाबतीत तो आकुंचन पावतो आणि खोकला, घरघर, छातीत आवळल्यासारखे वाटणे सुरू होते. दमा नसलेल्यांनाही हे होऊ शकते आणि अनेकदा धावणे थांबल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत सर्वांत जास्त जाणवते. सुरुवातीला नाका-तोंडावर पातळ कापडी बफ घेतला तर उच्छ्वासातले बाष्प परत मिळते. दम्याचे इनहेलर घेणाऱ्यांनी ते धावण्याआधी घ्यायचे का आणि कधी, हे डॉक्टरांना आधीच विचारावे आणि इनहेलर घरी न ठेवता खिशात ठेवावे.

यातली खरी अडचण पुढे आहे. श्वासमार्ग कोरडा पडल्याने होणारी जळजळ आणि हृदयाचे दुखणे यांतला फरक धावणाऱ्याला चटकन कळत नाही.

हृदयाचा धोका किती खरा?

अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या १ कोटी ९ लाख जणांचा अभ्यास २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५९ जणांचे हृदय धावताना किंवा लगेच नंतर बंद पडले, त्यापैकी ४२ दगावले. म्हणजे साधारण दोन लाखांत एक. धावणे धोकादायक आहे असे यावरून अजिबात म्हणता येत नाही.

पण आपल्याकडे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ‘इंटरहार्ट’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका मध्यमान ५३ व्या वर्षी आल्याचे दिसले, इतर देशांत हे वय ५८.८ होते. दुसरी गोष्ट थंड पहाटेची. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब वाढतो, पहाटे तो तसाही चढता असतो आणि हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण सकाळच्या वेळी व हिवाळ्यात अधिक असते. वर्षभर न धावता डिसेंबरात ऑफिसच्या ग्रुपबरोबर थेट दहा किलोमीटर पळणारा, कधीच रक्तदाब न तपासलेला ४५ वर्षांचा माणूस या सगळ्या रेषा जिथे एकत्र येतात तिथे उभा असतो. त्याने पाच किलोमीटरचा गट निवडावा आणि आधी डॉक्टरांना भेटावे. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर ही भेट ऐच्छिक समजू नये.

धावताना छातीच्या मध्यभागी दाब, डावा हात, जबडा किंवा पाठीकडे सरकणारे दुखणे, वेगाशी विसंगत दम, घेरी, थंडीतही सुटलेला दरदरून गार घाम यांपैकी काहीही झाले तर थांबायचे. ‘अॅसिडिटी असेल, दोनच किलोमीटर राहिलेत’ असे म्हणत पुढे जायचे नाही. स्वयंसेवकाला सांगा, वैद्यकीय मदत केंद्र गाठा, नसेल तर १०८ ला फोन करा. शेजारचा धावपटू कोसळला, हाक मारून प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर त्याच्या छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवून मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहायचे. वरच्या अमेरिकी अभ्यासात जे वाचले, त्यांच्या वाचण्याशी आजूबाजूच्यांनी लगेच सुरू केलेल्या सीपीआरचा ठळक संबंध दिसला. हृदयाला विद्युत झटका देणारे एईडी यंत्र मार्गावर आहे का, हे नाव नोंदवतानाच आयोजकांना विचारायला हरकत नाही. टी-शर्टचा रंग आपण विचारतोच की.

पहाटेची हवा स्वच्छ असते का?

हिवाळ्यात बहुधा नसते. रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची गार हवा खाली आणि तुलनेने उबदार हवा वर असा थर बसतो. वाहनांचा धूर, शेकोट्या, जाळलेला कचरा या झाकणाखाली अडकतो आणि ऊन चढेपर्यंत हटत नाही. डोळ्यांना ते धुके वाटते. दिल्लीत २०१७ मध्ये प्रदूषणामुळे नोव्हेंबरातली अर्धमॅरेथॉन पुढे ढकलण्याची मागणी इंडियन मेडिकल असोसिएशनने केली होती. ती शर्यत झाली, पण पुढच्या वर्षी ऑक्टोबरात घेण्यात आली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अॅपवर जवळच्या केंद्राचा हवा गुणवत्ता निर्देशांक दिसतो. तो २०० च्या पुढे म्हणजे ‘खराब’ असेल तर वेग कमी ठेवावा, दमेकऱ्यांनी धावू नये. ३०० च्या पुढे कोणीच धावू नये, भरलेले शुल्क गेले तरी.

पदक मिळाल्यानंतर काय?

शेवटची रेषा ओलांडून थेट खाली बसू नका. पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, एकदम थांबले की रक्त तिथेच साचते आणि चक्कर येते. पाच-दहा मिनिटे चालत राहा. मग पहिले काम म्हणजे कपडे बदलणे. फोटो आणि पोह्यांची रांग त्यानंतर.

याचे गणित साधे आहे. सुती टी-शर्टमध्ये मुरलेला १०० ग्रॅम घाम वाळायला साधारण २४० किलोज्यूल उष्णता लागते. शांत बसलेले शरीर ४० मिनिटांत एवढी उष्णता तयार करते. धावणे थांबताच आतला हीटर बंद होतो, ओला कपडा मात्र उष्णता खेचत राहतो. त्यात बरेच जण त्याच टी-शर्टवर, पदक गळ्यात ठेवून दुचाकीने घरी जातात. ताशी ४० किलोमीटरचा वारा, ११ अंश तापमान आणि भिजलेले अंग : संपूर्ण सकाळीतली सर्वांत जास्त थंडी या वीस मिनिटांत लागते आणि हुडहुडीही इथेच भरते. डिक्कीत कोरडा टी-शर्ट, जाकीट आणि टॉवेल ठेवला की प्रश्न मिटतो. थंडीत तहान कमी लागते आणि लघवी जास्त होते, त्यामुळे तहान नसली तरी घरी पोहोचेपर्यंत दोन-तीन ग्लास पाणी पोटात जायला हवे. चहा चालतो, पण तो पाण्याच्या जागी नको.

पुण्यातली वेळ मुंबईत का येत नाही?

डिसेंबरात पुण्या-नाशिकात चांगली वेळ नोंदवलेले अनेक जण जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉनच्या दहा किलोमीटर गटात उतरतात आणि हिरमुसतात. मुंबईची जानेवारीतली पहाट तुलनेने उबदार आणि दमट असते. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ठिबकतो, म्हणून शरीर थंड होत नाही आणि हृदयाला पुन्हा त्वचा आणि पाय अशी दोन गिऱ्हाइके सांभाळावी लागतात. नऊ अंशांत ६२ मिनिटे लागली असतील आणि मुंबईत ६५ लागली, तर ती तीन मिनिटे सरावातली नसून हवेतली असू शकतात. मुंबईत सुरुवातीचा वेग ठरवताना किलोमीटरमागे पंधरा-वीस सेकंद जास्त धरा आणि पाणी पहिल्याच टेबलापासून घ्या.