इन्कॉग्निटो नेमकं काय लपवतं?

इन्कॉग्निटो खिडकी बंद केली की ब्राउझर तेवढ्या वेळची हिस्टरी आणि कुकीज पुसून टाकतो. डाउनलोड केलेली फाइल मात्र तशीच राहते. घरातल्या सामायिक संगणकावर एवढा आडोसा पुरतो. पण तुमचा आयपी पत्ता संकेतस्थळाला दिसतोच आणि तुम्ही कुठे गेलात हे इंटरनेट कंपनीलाही कळू शकतं. व्हीपीएन घेतलं, तर ही माहिती व्हीपीएनवाल्याच्या हाती जाते.

टॉर ब्राउझरची रीत वेगळी. तिचा पाया अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९०च्या दशकात घातला गेला. संदेश तीन सर्व्हरमधून फिरतो. पहिल्याला तुमचा पत्ता कळतो, शेवटच्याला जायचं ठिकाण, दोन्ही मात्र एकालाही कळत नाहीत. तीन सर्व्हरच्या या वळशामुळेच टॉर संथ चालतो. तरीही तिथे स्वतःच्या नावाने लॉगिन केलंत, तर सगळं मुसळ केरात!